पाय जाईल असा बूट

माझ्या आत्यानं जन्मात कुणाचं ऐकलं नाही. आईबापाचं नाही, नवऱ्याचं नाही, डॉक्टरचं नाही आणि मुकुंदवाडीच्या रेल्वे फाटकाचं तर नाहीच नाही. खरं सांगायचं तर ऐकण्यासारखं काही सांगावं, असं आमच्या घरात तेव्हा कुणाकडे काही नव्हतंच. शेंद्र्याच्या पलीकडच्या माळावर आजोबांची मेंढरं होती आणि एक कोरडवाहू तुकडा होता. त्यात बाजरीपेक्षा दगड जोमानं यायचे. पाऊस रुसला की अख्खं बिऱ्हाड घोड्यावर टाकून मेंढरांमागं गोदावरीच्या अंगानं खाली सरकायचं. वाटेत बाभळीचे काटे, सराटे, कापून नेलेल्या तुरीची खुंटं. वहाणा मात्र एकट्या आजोबांच्या पायात. त्यांनी पुढं चालायचं आणि बाकीच्यांनी त्यांच्या पावलावर पाऊल टाकत यायचं, म्हणजे मागच्याला काटा लागत नाही, असा त्यांचा शोध होता. आत्या सगळ्यांत थोरली, म्हणून ती लगेच त्यांच्या मागं असायची. तो शोध किती खरा होता ते तिच्या टाचा अजून सांगतात.

तिच्या पायात पहिल्यांदा काही आलं ते लग्नात, लाल पट्ट्याच्या चपला. त्या सासूनं उचलून माळ्यावर टाकल्या, कारण सुनेनं सासऱ्यासमोरून चपला घालून जायचं नसतं. आत्यानं थोडे दिवस बघितलं आणि एका सकाळी माळ्यावर चढून चपला काढल्या, काखेत मारल्या आणि अनवाणीच माहेरी चालत आली. आजोबांनी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "जिथं पायाला जागा नाय, तिथं बाकीची राहून काय करू?" पुढं घरातल्या कुणीही तो विषय काढला नाही. काढायची छाती कुणाची होती?

माझ्या वडिलांना शेंद्र्याच्या वसाहतीत एका कंपनीत माल चढवायचं काम लागलं आणि आम्ही मुकुंदवाडीला दोन खोल्यांत आलो, तेव्हा आत्याही काठी, घोंगडी आणि लोकर कातरायची मोठी कातर घेऊन आमच्याबरोबर शहरात आली. शहराचं नाव तेव्हा बदललेलं नव्हतं, आणि आत्या तर आजवर बदललेली नाही. रिक्षा थांबवायची तर ती हात दाखवत नाही. काठी आडवी धरून जिभेनं टक्क टक्क असा आवाज काढते. रिक्षा थांबते. बँकेत पेन्शनवाल्यांची गर्दी झाली की तोच आवाज काढून ती लोकांना भिंतीला लावते. सुटाबुटातली माणसं निमूट सरकताना मी डोळ्यांनी पाहिलीत. डॉक्टरनं भेगांसाठी चपला वापरायला सांगितल्या, तर ती चपला घेऊन निघते, पण हातात. कुणाचं दार आलं की घालते आणि आत शिरताना लगेच काढते. "झिजवायच्या कशाला नाहक?" असं तिचं म्हणणं.

पण तिचा खरा छंद म्हणजे दुसऱ्याच्या चपला वाचणं. कुणी पाहुणा आला की तो आत चहा घेत असतो आणि आत्या बाहेर उंबऱ्याशी बसून त्याचे जोडे उलटेपालटे करत असते. टाच बाहेरून झिजली असेल तर माणूस तापट, आतून झिजली असेल तर कंजूष. मला बघायला म्हणून लासूर स्टेशनकडचा एक मुलगा आला होता. बोलणं रंगात आलं होतं, आई पोहे देत होती, तेवढ्यात आत्या त्याचा एक बूट हातात धरून आत आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "ह्याचा तळवा फक्त पुढून झिजलाय. पळणारा माणूस हाये. आमची पोरगी काय त्याच्या मागं पळणार नाय." पाहुणे एका बुटाची वाट बघत उभे राहिले. मी आतल्या खोलीत तोंडात पदर कोंबून हसत होते, कारण मलाही तो पसंत नव्हता.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी नम्रतेनं सांगत नाही. चित्रकलेची पदवी घेतली आणि शिकता शिकता पैठण गेटजवळच्या एका बुटांच्या दुकानात काम केलं. कंपनीतली, क्लासला जाणारी, भरतीसाठी पहाटे धावणारी पोरं काय घालतात आणि काय घालायची त्यांची इच्छा असते, हे मला तिथं कळलं. त्यांना स्नीकर हवे असतात. मग मी ठरवलं की मुकुंदवाडी स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाळा घ्यायचा आणि स्नीकरचं दुकान टाकायचं. वडील तयार झाले. आत्या तर तयार होऊन बसलेलीच होती. अडले ते आमचे आबा.

आबा म्हणजे माझे चुलते. आत्यापेक्षा धाकटे, वडिलांपेक्षा थोरले. राहतात गावी, पण भाऊबंदांत त्यांचाच शब्द चालतो. ते आले, पाणी न पिता बसले आणि म्हणाले, "मेंढरं वळणाऱ्यांची अवलाद आपली. आता लोकांचे पाय हातात धरायचे? चपला विकायच्या? उद्या पोरीला कोण करणार?" ज्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या गावाचे पाय झाकले त्यांना गावानं वेशीबाहेर ठेवलं, आणि त्यांनीच शिवलेल्या वहाणा घालून आबा पंगतीला जायचे, हे मी तोंडावर बोलले. वडिलांनी मला डोळ्यांनी दाबलं. मग बराच खल झाला आणि आबांनी तोड काढली: दुकान टाका, पण बोर्डवर 'जनरल स्टोअर्स' लिहा. बुटाचं चित्र कुठंही नको, त्यासाठी पेंटर बोलवायचा नाही. सोयऱ्याधायऱ्यांना कळायला नको. वडिलांनी मान हलवली. माझं लग्न व्हायचं होतं, ते बिचारे काय करणार?

बोर्ड तसाच झाला. अजूनही तोच आहे, आणि अजूनही कुणी कुणी आमच्याकडे अंगाचा साबण मागायला येतं.

आत्या त्या बैठकीत काही बोलली नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. आबा गेल्यावर ती वडिलांना म्हणाली, "बोर्ड त्याचा. शटर माझं. शटरवर बूट निघल, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. रेल्वेतून दिसल असा."

वडील म्हणाले, "अक्का, पेंटर बोलवायचा नाय. म्या शब्द दिलाय."

"नको बोलवू. म्या काढते."

मी म्हटलं, आत्या, मी काढते ना, एवढी शिकले कशासाठी? तर ती माझ्यावरच उसळली. "तू हात लावायचा नाय. तू काढला तर म्हणतील, पोरगी शिकली आन् कुळाच्या तोंडावर बूट मारला. मला कोण काय म्हणणार हाये? माझं लगीन व्हायचं राह्यलंय का? तू फकस्त शिकव."

असा आमचा वर्ग सुरू झाला. शाळेची पायरी न चढलेली, जन्मात पेन्सिल न धरलेली माझी आत्या, समोर पाटावर पांढरा स्नीकर, आणि कागद म्हणून बुटांच्या खोक्यांची झाकणं. पहिलं चित्र बघून आई म्हणाली, भाकरीला दोऱ्या कुणी बांधल्या? आत्यानं बुटाच्या दोन्ही बाजू काढल्या होत्या, वरून नाड्या काढल्या होत्या आणि खाली तळवाही उलगडून ठेवला होता. मी म्हटलं, आपल्याला एकच बाजू दिसते, तेवढीच काढायची. तिला ते बिलकुल पटेना. "मंग दुसरी बाजू कुठं गेली?"

"मागं आहे."

"मागं हाये हे रस्त्यानं जाणाऱ्याला कसं कळल?"

हाच तर सगळा प्रश्न आहे. सपाट कागदावरच्या वस्तूला मागची बाजू आहे, आत पोकळी आहे, हे बघणाऱ्याला पटवायचं. तो माझ्या डोक्यात शिरायला कॉलेजातली किती वर्षं गेली, आणि आत्यानं तो दुसऱ्याच दिवशी विचारला. उत्तर मात्र तिला काही केल्या येईना. मी शिकले तशी तिला शिकवायला गेले. आधी खोकं काढायचं, त्याच्या तीन बाजू दाखवायच्या, मग त्या खोक्यात बूट बसवायचा. ती म्हणाली, "म्या बूट मागितला, तू खोकं काढू राह्यली. खोकी दुकानात काय कमी हायेत?" बुटाचं तोंड ती एक रेघ ओढून बंद करायची. मी सांगायची की तोंड गोल असतं, पण आपण बाजूनं बघतो म्हणून दबून लांबट दिसतं, कढईचं तोंड लांबून दिसतं तसं. मग ती उठून स्वयंपाकघरात जायची, कढई हातात घेऊन वरखाली करत बघायची आणि आईची फोडणी करपायची.

त्यातून तिनं स्वतःची एक परीक्षा काढली. चित्र झालं की ती बुटाच्या तोंडावर बोट टेकवायची आणि विचारायची, "ह्यात पाय जातो का?" आम्ही सगळ्यांनी माना तिरक्या करून बघायचं. जात नसायचा. मग ते झाकण चुलीत. भाजीवाली आली तरी तिला परीक्षेला बसवायची. एकदा पोस्टमननं घाईत "जातो, जातो" म्हटलं, तर आत्यानं त्याला परत बोलावलं. "नीट बघून बोल. तुझा पाय जातो का, माझा जातो?" तो बिचारा पिशवी खाली ठेवून उकिडवा बसला आणि शेवटी कबूल झाला की बोटंसुद्धा जाणार नाहीत.

सावली देणं म्हणजे तर कहर. मी म्हटलं, इथं थोडं काळं कर, म्हणजे उठाव येईल. तिनं सारवायला घेतल्यासारखा सगळा बूट काळा केला. मी म्हटलं, पुढचा फुगवटा तरी पांढरा सोड. "कामून सोडू? काम अर्धं ठेवलं म्हणतील." मी वैतागले. तीही वैतागली. दुकान उघडायचा दिवस जवळ येत होता, शटर कोरं होतं, आणि वडील रोज कामावरून आल्यावर आधी झाकणांकडे बघत आणि मग आमच्याकडे बघायचं टाळत. हे जमू नये असं त्यांना वाटत होतं की जमावं असं, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

एका सकाळी आत्या पेन्सिल फेकून तरातरा उठली आणि तिची जुनी कातर काढून अंगणात पुसत बसली. राग आला की ती कातर पुसते. पुसता पुसता तिचा हात हवेत आपोआप फिरायला लागला. आडव्या मेंढराच्या पोटापासून सुरू करून बरगडीवरून वळत वळत पाठीपर्यंत. समोर मेंढरू नव्हतं. पण तिच्या हाताच्या वळणानं मला ते दिसलं, फुगीर, श्वास घेणारं. मी तिला ओढत आत आणलं. "आत्या, आता रेघा आडव्या-उभ्या मारू नकोस. बूट म्हणजे मेंढरू. कातर जशी अंगावरनं वळते, तशी पेन्सिल वळव. पोटाखाली दाट, पाठीवर विरळ. आणि पाठीच्या वर काहीच नको, तिथं दुपारचं ऊन पडलंय."

"ऊन पडलंय असं आधी नाय का सांगायचं?" ती म्हणाली. "म्हणे पांढरं सोड!"

तिनं पेन्सिल धरली. तळव्याच्या कडेपासून रेघ निघाली, बाजूवरनं वळली, वर जाता जाता पातळ झाली. तिच्याजवळ दुसरी, तिसरी. पुढच्या फुगवट्यावर ऊन राहिलं. मी नुसतं सांगत होते, बुटाच्या तोंडात सगळ्यांत गडद काळोख भर, आणि खाली जमिनीवर सावली टाक, नाहीतर तो हवेत तरंगेल. बघता बघता त्या झाकणावरून बूट वर आला. आत्यानं तोंडावर बोट ठेवलं आणि दचकून मागं घेतलं. "उठला गं माय," ती म्हणाली, "उठला!"

शटर रंगवायचं काम त्याहून अवघड. शटरच्या पट्ट्या उंच-सखल. रेघ ओढावी तर प्रत्येक खाचेत मोडते. आत्या स्टुलावर, हातात ऑइलपेंटचा ब्रश, कासोटा मारलेला, आणि खालून मी ओरडत, वर घे, वळव, दाट कर. आत्यानं बजावल्याप्रमाणे मी हात लावला नाही. रस्त्यावर बघे जमले. ही बातमी गावी पोचायला कितीसा वेळ लागणार? दुपारी आबा दत्त म्हणून उभे. "अक्का, उतर खाली! इज्जतीचा पंचनामा मांडला काय भर रस्त्यात?"

आत्यानं मान वळवली नाही. "बाजूला सर. उजेड अडवू राह्यला तू."

"चार माणसं काय म्हणतील?"

"चारी अनवाणी आले का? बघ बरं त्यांच्या पायाकडं."

बघे हसले. आबा तडक वडिलांकडे वळले. "तू शब्द दिलता मला." तेवढ्यात आत्याचं स्टूल डुगडुगलं. वडील पुढं झाले, दोन्ही हातांनी त्यांनी ते स्टूल पक्कं धरलं आणि खाली बघतच म्हणाले, "आबा, म्या पेंटर नाय बोलवला." एवढंच. पण ते स्टूल त्यांनी बूट पुरा होईपर्यंत सोडलं नाही. आबा निघून गेले. जाताना म्हणाले, ह्या दुकानाच्या पायरीला माझा पाय लागणार नाही.

उद्घाटनाच्या सकाळी आई, वडील, मी, आत्या असे सगळे नटून उभे. नारळ फुटला, वडिलांनी शटर वर ढकललं आणि घडघड करत आमचा बूट गुंडाळला जाऊन वर नाहीसा झाला. एवढ्या दिवसांत एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं की दुकान उघडलं की शटर दिसत नसतं. पदवीधर धरून. आत्या वर बघत म्हणाली, "माझा बूट कुठं गेला?" त्यावर तिनं तिथल्या तिथं हुकूम काढला: भर दुपारी शटर खाली ओढायचं. आसपासची दुकानं उघडी, आमचं बंद, आणि त्यावर तो भलामोठा पांढरा बूट उन्हात उभा. आम्ही बाजूच्या दारानं आत जाऊन जेवतो. गिऱ्हाईकं आधी चिडली, मग सरावली. आता पत्ता सांगताना लोक म्हणतात, दुपारी ज्या दुकानाला बूट असतो ते.

एकच गोष्ट तिनं माझी ऐकली नाही. नाडीला फुलासारखी गाठ काढ म्हणून मी कितीदा सांगितलं, पण तिनं मेंढरू खुंट्याला बांधायची गाठ काढली. "सुटणार नाय," ती म्हणाली. धावणारी पोरं ती गाठ बघून हसतात आणि मग तशी बांधून घेतात.

पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. शटर खाली होतं, आम्ही आत जेवत होतो. बाहेरून शटरवर आवाज आला. थाप नव्हती, कुणीतरी हात फिरवल्यासारखं. मी बाजूच्या दारानं डोकावले. आबा उभे होते. एकटे. त्यांचा पंजा बुटाच्या तोंडातल्या काळोखावर टेकलेला, आणि मान तिरकी, आत किती खोल आहे ते बघणाऱ्या माणसाची. मला बघून त्यांनी हात झटकला. "रंग वाळला का बघत व्हतो."

"आबा, मागच्या दिवाळीच्या आधीचा रंग आहे."

आतून आत्याचा आवाज आला, "कोण हाये गं?"

"आबा आहेत."

"पाय गेला का म्हणावं आत?"

आबा हसले नाहीत. पण परतही गेले नाहीत. बाजूच्या दारानं आत आले, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, चालताना गुडघा दुखतो. आत्या ताट सरकवून उठली, त्यांच्या समोर खाली बसली आणि त्यांचा पाय हातात घेतला. आबा एकदम आक्रसले. "अक्का, तू थोरली हायेस. पायाला हात नको लावू."

"तुझ्या पायातले सराटे कोण काढायचं? तवा नाय म्हणला थोरली? पाय इकडं कर."

आबा त्या दिवशी धोतराखाली पांढरे स्नीकर घालून गावी गेले. काय म्हणाले असतील चार माणसं, आम्ही विचारलं नाही. माझं लग्नही झालं. मुलगा आत चहा घेत होता तेव्हा आत्या उंबऱ्याशी बसून त्याचा बूट उलटून बघत होती, आणि नंतर एवढंच म्हणाली, "दोन्ही बाजूनं सारखा झिजलाय. चालल."

आता आत्याच्या डोळ्यांवर सारा आलाय, मोतीबिंदूचा. दर दिवाळीआधी शटरला नवा रंग देतो, तो आता मी देते. ऊन मी सोडते, काळोख मी भरते. नाडीची गाठ मात्र तिच्यासाठी ठेवते. ती जवळ येते, पट्ट्यांवरून बोटं फिरवत जागा शोधते, ब्रश टेकवते. रेघ थरथरते, मी ती तशीच राहू देते. दुपारी शटर खाली ओढलं की ती समोर फुटपाथवर, चपला मांडीवर घेऊन बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारते, दिसतोय का नीट? स्वतःला तिला आता तो नुसता पांढरा ढग दिसत असणार.

पण बूट तिथं आहे. माझ्या आत्यानं, भर रस्त्यात, सगळ्यांच्या समोर काढलेला. त्यात पाय जातो.